व्याकरण आधी गोष्टीत, मग फळ्यावर

तिसरी-चौथीतल्या कुठल्याही मुलाची मराठीची वही उघडून बघा. एका पानावर समूहदर्शक शब्द असतात: पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, बांबूचे बेट, लाकडांची मोळी, करवंदांची जाळी, आंब्यांची अढी. पान उलटले की प्राण्यांचे आवाज: हत्तीचा चीत्कार, मोराचा केकारव, वाघाची डरकाळी. मग लिंग बदला, मग वचन बदला. मुले हे सगळे पाढ्यांसारखे घडाघडा म्हणून दाखवतात आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत गुणही मिळवतात. पण त्याच मुलाला विचारा, करवंदाच्या जाळीत हात घातला तर काय होते? अढीत आंबे कशाला घालतात? बहुतेक मुले गप्प होतात. शब्द तोंडपाठ असतो, पण त्या शब्दाने त्यांनी कधी कुणाला काही सांगितलेले नसते.

मला याचे वाईट वाटते. हे सगळे शब्द रानातून, शेतातून, गोठ्यातून आलेले आहेत. कुणीतरी अढी घातली, कुणीतरी मोळी डोक्यावर वाहिली, तेव्हा ते भाषेत रुजले. आपण त्यांना तिथून उपटले आणि रकान्यात बसवले.

गेल्या काही वर्षांत मराठीबद्दल आपण पुष्कळ बोललो. 2020 मध्ये राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणणारा शासन निर्णय निघाला, त्यावरून राज्यभर रान पेटले आणि 29 जूनला सरकारने माघार घेतली. तो विरोध योग्यच होता. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषा लादणे मला आजही चुकीचे वाटते. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: मराठीचा जो तास आज आहे, त्यात आपण मुलांच्या पदरात नेमके काय टाकतो?

माझे म्हणणे असे आहे. पहिली ते चौथीत मराठीचे शब्द आणि मराठीचे व्याकरण ही दोन्ही गोष्टींतूनच मुलांपर्यंत पोचायला हवीत आणि त्या गोष्टी मुलाच्या भोवतालच्या निसर्गाच्या हव्यात. व्याख्या, नियम, याद्या पाचवीपासून पुढे. हे मी हौसेने म्हणत नाही. आपल्या भाषेची घडणच अशी आहे की तिचे सगळ्यात अवघड भाग गोष्टीतून सोपे होतात आणि फळ्यावर आणखी अवघड होतात.

दुसरीच्या वर्गात एक साधी गोष्ट सांगून पाहा. रात्रभर पाऊस पडला. मुंग्यांच्या वारुळात पाणी शिरले. आत साठवलेले सगळे भिजले. सकाळी ऊन पडल्यावर मुंग्या एकेक वस्तू बाहेर आणू लागल्या. एका मुंगीने दाणा उचलला. दुसऱ्या मुंगीने डाळ उचलली. तिसऱ्या मुंगीने पान उचलले. चौथीने काय बरे उचलले असेल? इथे थांबायचे आणि मुलांना बोलू द्यायचे. कुणी म्हणेल साखर उचलली, कुणी म्हणेल पंख उचलला, कुणी म्हणेल बी उचलले. मग अख्खा वर्ग बोलेल, ‘बी उचलली!’ आणि तेवढ्यात दुरुस्ती होऊन जाईल, कुणाचा अपमान न होता. आता वारुळाच्या तोंडाशी एक अळी आली. मुंग्यांनी अळी ओढली. सगळ्यांनी मिळून अळीला ओढले. ‘ओढली’ आणि ‘ओढले’ यांतला फरक मुले बरोबर पकडतात, का ते त्यांना सांगता येत नसले तरी.

या पाच मिनिटांत काय झाले ते व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर तिन्ही लिंगे, तृतीया विभक्ती, कर्मणी प्रयोग आणि भावे प्रयोग असा सगळा ऐवज त्यात येऊन गेला. हेच प्रयोग पुढे माध्यमिक शाळेत व्याख्येसह समोर येतात तेव्हा भल्याभल्या मुलांना घाम फुटतो. याचे कारण उघड आहे. ज्याने ती वाक्ये लहानपणी शेकडो वेळा ऐकली आणि बोलली आहेत, त्याला व्याख्या म्हणजे ओळखीच्या माणसाचे नाव कळण्यासारखे असते. ज्याने ती ऐकलीच नाहीत, त्याच्यासाठी ते निव्वळ पाठांतर.

आणि ती मुंग्यांची गोष्ट बनावट नाही. 1829 मध्ये पुण्यात विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने मुंग्यांनी गवताच्या भिजलेल्या बिया वारुळाबाहेर आणून ढिगाढिगाने वाळत घातलेल्या पाहिल्या आणि त्याची नोंद करून ठेवली. दाणे साठवणाऱ्या या मुंग्या आजही माळरानावर, शाळेच्या मैदानाच्या कडेला दिसतात. गोष्ट संपल्यावर वर्ग बाहेर नेता येतो. तिथे मुले उकिडवी बसून मुंग्या बघतील आणि आपापली वाक्ये बनवतील. परीकथेनंतर परी दाखवता येत नाही. निसर्गाच्या गोष्टीचे सगळ्यात मोठे बळ हेच आहे.

हे ज्या मुलांच्या घरात मराठी नाही त्यांच्यासाठी तर फार मोलाचे आहे. पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिकच्या महापालिका शाळांत हिंदी बोलणाऱ्या घरांतली कितीतरी मुले येतात. हिंदीत लिंगे दोनच. त्यामुळे ‘पान पडला’, ‘झाड मोठा आहे’ असे ती बोलतात. जत, अक्कलकोटकडे घरी कानडी बोलणाऱ्या मुलांची अडचण वेगळी. कानडीत दगड, भिंत, पान या सगळ्या निर्जीव वस्तू एकाच लिंगात जातात. मराठीत दगड तो, भिंत ती आणि पान ते, हे त्यांना कुठल्या नियमाने समजावणार? नियमच नाही. ते कानावर पडून पडूनच बसते. म्हणून अशा वर्गात ‘लिंग ओळखा’चा तक्ता लावणे म्हणजे मुलाला पुन्हा पुन्हा त्याची चूक दाखवणे. पडलेले पान, पडलेली शेंग, पडलेला आंबा यांची गोष्ट सांगणे म्हणजे त्याच्या हाती पुन्हा पुन्हा बरोबर वाक्य देणे.

आपल्या जुन्या गोष्टी रचणाऱ्या आज्यांना हे उपजत माहीत होते. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा दारावर येतो आणि चिमणी दर वेळी म्हणते: थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे, थांब, माझ्या बाळाला झोपवू दे. तीन वर्षांचे मूल ‘घालू दे, लावू दे, झोपवू दे’ हे रूप त्या गोष्टीतून उचलते आणि दुसऱ्याच दिवशी ‘मला खेळू दे’ म्हणत आईच्या मागे लागते. म्हातारीच्या गोष्टीतला भोपळा ‘चल रे भोपळ्या’ म्हटल्यावर टुणुक टुणुक पळू लागतो आणि संबोधनाचे रूप मुलाच्या जिभेवर कायमचे बसते. पुनरावृत्ती, ठेका आणि दर फेरीला एखादाच नवा शब्द: या गोष्टींची ही रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

पण त्या गोष्टींत निसर्ग नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. कावळ्याचे घर शेणाचे नसते आणि चिमणीचे मेणाचे नसते. कावळा काटक्यांचे घरटे बांधतो, शहरात तर तारांचेही बांधतो. चिमणी भिंतीच्या भोकात, वाशांच्या खोबणीत गवत-कापूस भरते. आपल्या बहुतेक प्राणिकथांत कोल्हा लबाड, सिंह राजा, गाढव मूर्ख आणि शेवटी तात्पर्य. त्या गोष्टी माणसांच्या आहेत, कातडी फक्त प्राण्यांची. त्या जरूर सांगाव्यात, पण त्यांना निसर्गकथा समजू नये. मला हवी आहे ती गोष्ट वेगळी: कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, कावळी ते आपले समजून उबवते, पिल्लू वाढते, आणि मग काय होते? यात रहस्य आहे, फसवणूक आहे, माया आहे. वरून तात्पर्य चिकटवण्याची काही गरज नाही. आणि गाते कोण? नर, तो कोकीळ. काळाभोर. मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी. ‘कोकिळा गाते’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना चुकीचे सांगत आलो आहोत.

इथे एक फार सुंदर अडचण येते, आणि शिक्षकांनी ती टाळू नये असे मला वाटते. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला, शिंदीला सुगरणीची घरटी लटकतात. ती विणतो नर. घरटे अर्धे झाले की मादी येऊन पारखते, पसंत पडले तर राहते. ही गोष्ट वर्गात सांगितली की एखादे चौकस पोर विचारणारच: मग सुगरण विणतो म्हणायचे की विणते? शब्द स्त्रीलिंगी, पक्षी नर. हा प्रश्न वरवर बाळबोध वाटतो, पण भाषेतले लिंग आणि जिवातले लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ही व्याकरणातली मोठी समज त्यात दडलेली आहे. कावळा म्हटले की त्यात मादीही आली, साळुंकी म्हटले की नरही आला, आणि मुंगीच्या बाबतीत तर भाषा आणि निसर्ग एकमेकांशी जुळतात, कारण कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात. ‘विरुद्धलिंगी शब्द लिहा’ या प्रश्नातून ही समज कुठल्या मुलाला आली असेल?

पिल्लांच्या नावांचेही तसेच. गाईचे वासरू, मेंढीचे कोकरू, शेळीचे करडू, घोडीचे शिंगरू ही यादी प्रत्येक मुलाला पाठ असते. पण सुटलेल्या करडाची गोष्ट घ्या. करडू सुटले, करडे सुटली, करडाला शोधायला वासरू निघाले, वासराच्या मागे कोकरे निघाली. ऊकारान्त नपुंसकलिंगी शब्दांचे अनेकवचन एकारान्त होते आणि सामान्यरूपात आकार येतो, हा नियम त्या चार वाक्यांत आहे. मुलाला तो सांगू नका. आठवडाभराने त्याला विचारा, ‘फुलपाखरू’ या शब्दाचे काय होईल? ते आपसूक ‘फुलपाखरे’ आणि ‘फुलपाखराला’ म्हणेल.

शुद्धलेखनाबद्दल शिक्षकांची काळजी मला समजते. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार असे अठरा नियम डोक्यावर असतात. नियम सांगितल्याशिवाय मुले शुद्ध लिहिणार कशी, असे ते विचारतात. त्यातला मुलांना सगळ्यात छळणारा नियम घेऊ: फूल, पण फुलाला, मूळ, पण मुळाशी, पीक, पण पिकात, ऊन, पण उन्हात. नियमाचे शब्द आहेत ‘उपान्त्य दीर्घ इकार-ऊकार सामान्यरूपाच्या वेळी ऱ्हस्व होतो’. नऊ वर्षांच्या मुलाने या वाक्याचे काय करायचे? त्याऐवजी पीक मोठे झाले, पिकात साप शिरला, फूल उमलले, फुलावर भुंगा बसला, अशी गोष्ट शिक्षकाने मोठ्याने, सावकाश वाचावी. दीर्घ आणि ऱ्हस्व कानाला ऐकू येते. मग मुलांनीच ती गोष्ट लिहावी. काही चुका राहतील, राहू द्याव्यात. ज्या मुलाने फूल-फुलाला, मूळ-मुळाला अशा जोड्या खूप वेळा लिहिल्या आहेत त्याला पाचवीत नियम दाखवा. तो म्हणेल, हे तर मला येतेच.

आता शब्दांबद्दल, कारण तिथे मला भीती जास्त वाटते. गव्हाची ओंबी, ज्वारीचे कणीस, हरभऱ्याचा घाटा, कापसाचे बोंड, भाताची लोंबी. एकाच शिवारात ती, ते आणि तो, तिन्ही भेटतात. पावसाचे म्हणाल तर वळीव, भुरभुर, सर, झड, पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा. शहरातल्या मुलाच्या तोंडी यातला ‘पाऊस’ एवढाच उरला आहे. मारुती चितमपल्लींनी जंगलात नोकरी करता करता आदिवासींकडून, पारध्यांकडून असे शब्द वेचले, नसतील तिथे सारंगागार (बगळ्यांची वसाहत), काकागार (कावळ्यांची वसाहत) असे नवे घडवले आणि मराठीला दिले. 2025 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या शब्दांचे कौतुक केले. ते शब्द मुलांपर्यंत पोचवायची सोय मात्र कुणी केली नाही.

पण शब्द वाचवण्याच्या नादात एक चूक होऊ शकते आणि तिच्यापासून मी सावध करू इच्छितो. पुस्तकातला शब्द खरा आणि मुलाचा शब्द गावंढळ, असे आपण नकळत ठरवतो. भारद्वाजाला कुणी कुंभारकावळा म्हणते, कुणी कुकुडकोंबा, कुणी सोनकावळा. ऊसतोड कामगाराच्या मुलीला पाचट, वाढे, मोळी हे शब्द अनुभवाने माहीत असतात. कुठल्या उसाचे पान हात कापते, बैलाला वाढे किती लागते, हे ती सविस्तर सांगू शकते. त्याच मुलीची शाळेतली नोंद मात्र ‘वाचन कच्चे’. तिच्यासमोर पहिली गोष्ट उसाच्या फडाची ठेवली असती तर ती कच्ची ठरली असती का? आधी मुलाचा शब्द फळ्यावर यावा, मग शेजारी पुस्तकातला.

हे महाराष्ट्रात कुणी केलेले नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, गुरे चारायला जातात, असे दिसल्यावर शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा हा शब्द तिथला. बिया, पाने, खडे, शिंपले हेच तिथले शैक्षणिक साहित्य. आपण या दोघींचे फोटो डी.एड.च्या पुस्तकात छापले आणि शाळेत मात्र प्लास्टिकचे तक्ते टांगले.

‘हे खेड्यात ठीक आहे, मुंबईत निसर्ग कुठून आणायचा?’ असे विचारणारे पालक मला नेहमी भेटतात. मुंबईत वातानुकूलन यंत्राच्या डब्यावर कबूतर घरटे करते, चाळीच्या भिंतीतून पिंपळ उगवतो, हिवाळ्यात शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात, आणि जूनमध्ये जो पाऊस कोसळतो तो काय निसर्ग नव्हे? भिंतीत पिंपळ उगवला कसा, बी तिथे आणली कुणी, मुळे किती खोल गेली, भिंतीला तडा कधी गेला, हे सांगायला ‘उगवणे, रुजणे, फुटणे, तडकणे’ अशी क्रियापदांची रांग लागते. शहरी मुलांचे नाम-साठे बरे असतात, वस्तू पुष्कळ ठाऊक असतात. तोकडी पडतात ती क्रियापदे. सगळ्याला ‘करणे’ आणि ‘होणे’ लावून ती वेळ मारून नेतात, आणि त्या क्रियापदांसाठीच मला निसर्गाची गोष्ट हवी आहे.

खरी मेख शासनाच्या बाजूला आहे. 1967 मध्ये बालभारती स्थापन झाली तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या आणि गडचिरोलीतल्या मुलाच्या हाती एकच मराठीचे पुस्तक येते. राज्यभर समान पातळी हवी म्हणून ते गरजेचेही आहे. पण एका पुस्तकात मोहाची फुले वेचण्याची गोष्ट आणि खाडीत कुर्ल्या पकडण्याची गोष्ट दोन्ही मावणार नाहीत. त्याला पर्याय आहे. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरते. तिथे माहितीचे तक्ते भरून घेण्यापेक्षा शिक्षकांनी आपल्या परिसरातली एकेक गोष्ट लिहून आणावी, एकमेकांना वाचून दाखवावी, गावातल्या जाणत्या माणसाकडून आणि वनरक्षकाकडून तपासून घ्यावी. वर्षभरात जिल्ह्याची एक पुस्तिका होईल. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि परिसर अभ्यास बहुधा एकच शिक्षक शिकवतो, त्यामुळे दोन तास जोडून घेण्याची मुभा दिली तरी पुष्कळ काम होईल.

आणि परीक्षा बदलावी लागेल, नाहीतर हे सगळे कागदावर राहील. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या मुलाला समजून वाचता आले पाहिजे असे उद्दिष्ट ठेवले आहे. मग मोजायचे तेच मोजा. मुलाला एक गोष्ट ऐकवा आणि ती त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. त्यात त्याने किती क्रियापदे वापरली, घटना एकामागून एक नीट आल्या का, ‘उचलला’ आणि ‘उचलली’ जागच्या जागी पडले का, हे शिक्षकाला पाच मिनिटांत कळते. गोष्ट सांगून झाल्यावर ‘वरील उताऱ्यातील नामे अधोरेखित करा’ हा प्रश्न मात्र चौथीपर्यंत कुणीही विचारू नये. तो पुढे येणार आहे हे कळले की मूल गोष्ट ऐकायची सोडून नामे मोजायला लागते.

शिक्षकांवर निवडणुकीची, सर्वेक्षणाची, ऑनलाइन माहितीची कामे आहेत, गोष्टी लिहायला त्यांना वेळ कुठला, हा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकांनी द्यायचे नाही. मराठीसाठी रस्त्यावर उतरलेल्या आपण सगळ्यांनी ते शिक्षण विभागाकडे मागायचे आहे: पहिली-दुसरीच्या शिक्षकाला दिवसातला एक तास पूर्ण मोकळा, कुठल्याही अहवालाशिवाय, वर्गासोबत गोष्ट सांगायला आणि बाहेर जाऊन बघायला. येत्या मृगात शाळा सुरू होतील तेव्हा पहिल्या आठवड्यापासून तो तास वेळापत्रकात छापलेला दिसला पाहिजे.